आधी झाड, मग पाखरू : पनवेलच्या रोजच्या फेरीतला निसर्ग

पनवेलच्या एका अंगाला खाडी आहे आणि दुसऱ्या अंगाला माथेरान-प्रबळगडाची रांग. माथेरानच्या डोंगरात उगम पावणारी गाढी नदी शहराला लगटून खाडीला मिळते. जुन्या गावात वडाळे, कृष्णाळे, विश्राळे अशी तळी आहेत. भोवताली भातशेतीचे उरलेले तुकडे आहेत आणि त्यांच्या मधोमध सिडकोने वसवलेली नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर ही उपनगरे. गोडे पाणी, खारे पाणी, शेत, डोंगरउतार आणि बांधकामाची वाट पाहणारे मोकळे भूखंड इतक्या जवळजवळ असलेली गावे कोकणातही फार नाहीत. रोजच्या फेरीत दिसणाऱ्या फुला-पाखरांची विविधता या जमिनीच्या मांडणीतून येते.

निसर्ग पाहायचा तर कर्नाळ्याला जायचे, ही सर्वसाधारण समजूत. कर्नाळा पनवेलपासून जेमतेम बारा किलोमीटरवर आहे. १९६८ मध्ये जाहीर झालेले हे पक्षी अभयारण्य आरंभी ४.४८ चौरस किलोमीटरचे होते. २००३ मध्ये ते १२.११ चौरस किलोमीटर झाले. तिथे स्वर्गीय नर्तक दिसतो, तसा तो नवीन पनवेलच्या सेक्टरात सहसा दिसणार नाही. पण वर्षातून दोनदा केलेल्या सहलीत एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे बदल. कोणते झाड कधी पानगळीला लागले, पहिला कोकीळ कधी ओरडला, धोबी कोणत्या आठवड्यात आला, हे फक्त त्याच वाटेने पुन्हा पुन्हा जाणाऱ्याला समजते. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ या १९५६ च्या पुस्तकाचा सारा डोलारा अशा महिन्या-महिन्याच्या पाहण्यावर उभा आहे.

फेरी लहान असावी. अर्ध्या-पाऊण तासात पुरी होणारी वाट, आणि तिच्यात निदान एक पाण्याची जागा, एक जुने झाड आणि एक दुर्लक्षित मोकळा भूखंड. पक्ष्यांसाठी सूर्योदयानंतरचे दोन तास उत्तम. फुलपाखरांना मात्र पंख तापल्याशिवाय नीट उडता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी नऊनंतरचे ऊन बरे. दुर्बीण असली तर चांगलेच, नसली तरी अडत नाही. पक्ष्याचे नाव माहीत नसेल तर आधी त्याचा आकार चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा हे ठरवावे, डॉ. सालिम अली यांच्या १९४१ च्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’मध्येही आकार असाच ओळखीच्या पक्ष्यांच्या मापाने सांगितला आहे. मग शेपूट, चोच, चालण्याची तऱ्हा. रंगाकडे सर्वांत शेवटी पाहावे, कारण सकाळच्या तिरप्या उन्हात रंग फार फसवतात.

याहून उपयोगी सवय झाडापासून सुरुवात करण्याची आहे. पाखरू उडून जाते, झाड जागचे हलत नाही. कशाला फूल आले आहे आणि कशाला फळ, हे आधी पाहिले की कोण येणार याचा अंदाज बांधता येतो, आणि मग त्या झाडाखाली दहा मिनिटे उभे राहणे पुरते.

फेब्रुवारीत याचा पडताळा सहज मिळतो. पांगारा आणि काटेसावर या दिवसांत निष्पर्ण असतात आणि लालबुंद फुलतात. लाल रंग मधमाशीला नीट दिसत नाही, पक्ष्यांना मात्र स्पष्ट दिसतो. फुले मोठी, मजबूत आणि मकरंदाने भरलेली असतात. म्हणजे ही खानावळ मुख्यतः पक्ष्यांसाठीच उघडलेली. एका फुललेल्या सावरीवर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कावळे, शिंजीर आणि खारी एकाच सकाळी दिसतात. डोक्याला-मानेला फुलांचे पराग लागून एखादी साळुंकी पिवळट दिसू लागते आणि नवशिक्या निरीक्षकाला ती वेगळीच जात वाटते. याच फुलांवर भोरड्यांचे थवेही उतरतात. अंगाने गुलाबी, डोके-पंख काळे असे हे पक्षी मध्य आशियाच्या बाजूने हिवाळ्यासाठी आलेले असतात आणि उन्हाळा चढू लागला की परततात. खाली पडलेली सावरीची फुले उचलून पाहिली तर जाड, मांसल पाकळ्या हाताला लागतात. झाडाखालच्या लाल-काळ्या ढेकण्यांची पिलावळ मात्र काही दिवसांनी, बोंडे फुटून बिया सांडल्यावर जमते.

मार्चपासून तांबटाची टुक्‌-टुक्‌ सुरू होते. भांड्यावर हातोडी पडावी तसा सलग, न थकणारा हा आवाज ऐकणारे हजारो आहेत, पक्षी पाहिलेले थोडे. तो चिमणीहून जरासाच मोठा, हिरवा, कपाळ आणि छाती तांबडी. उंच फांदीच्या टोकाला बसून ओरडताना तो मान फिरवत राहतो, त्यामुळे आवाज एकदा इकडून आणि एकदा तिकडून आल्यासारखा वाटतो. शेवग्याच्या किंवा गुलमोहराच्या वाळक्या फांदीला खालच्या बाजूने सुबक गोल भोक दिसले तर ते बहुधा त्याचे घर असते. वाळकी फांदी धोक्याची म्हणून सरसकट छाटली जाते. वाहत्या रस्त्यावर ते योग्यच, पण सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात तिची एवढी घाई नसते.

एप्रिल-मे हे पनवेलच्या रस्त्यांवरचे सर्वांत रंगीत महिने. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पिवळ्या उभ्या तुऱ्यांचा सोनमोहर आग्नेय आशियातला, विस्तीर्ण माथ्याचा पर्जन्यवृक्ष अमेरिकेतला. नव्या वसाहतींना लवकर सावली हवी असते आणि ती अशा झाडांनी दिली. या परदेशी झाडांमध्येच बहाव्याची सोनेरी झुंबरे आणि ताम्हणाचे जांभळे घोस दिसतात. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. पुष्कळांना ते नावाने ठाऊक असते, पण दारातले झाड ओळखता येत नाही. चुरगळलेल्या कागदासारख्या पाकळ्या आणि मधोमध पिवळे पुंकेसर, ही खूण पुरेशी आहे. बहाव्याच्या पानांच्या पाठी तपासाव्यात. फिकट पिवळसर-पांढरी, सुसाट उडणारी ‘एमिग्रंट’ फुलपाखरे या झाडाच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतात आणि त्यांच्या हिरव्या अळ्या पानाच्या शिरेला समांतर इतक्या बेमालूम बसतात की झाड कुरतडलेले दिसते, कुरतडणारा दिसत नाही.

याच दिवसांत कोकीळ अहोरात्र ओरडतो. गाणारा काळा नर. मादी तपकिरी, अंगभर पांढुरके ठिपके असलेली, आणि तिचा आवाज किक्‌-किक्‌ असा कर्कश. कावळ्यांची घरटी याच सुमारास होतात आणि मादी त्यांत आपली अंडी सोडते. कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या पिल्लांआधी बाहेर पडते आणि खाण्याच्या शर्यतीत पुढे राहते. जून-जुलैत काळ्या कावळ्यामागे चोच वासून फिरणारे वेगळ्याच रूपाचे पिल्लू दिसले, तर तो हा प्रकार.

मेअखेरीस पावशाची ‘पेरते व्हा’ अशी चढत जाणारी हाक ऐकू येते आणि पाठोपाठ चातक येतो. काळ्या-पांढऱ्या अंगाचा, डोक्यावर तुरा असलेला चातक मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून येतो, हे आता ठाऊक आहे. हे दोघेही कोकिळेच्याच कुळातले. स्वतःचे घरटे दोघेही बांधत नाहीत. सातभाईसारख्या पक्ष्यांच्या माथी पिल्ले मारतात. पहिल्या मोठ्या सरीनंतर शेताडीच्या डबक्यांत बैल बेडूक जमतात. एरवी मातकट-हिरवा असणारा नर त्या एक-दोन रात्री हळदीसारखा पिवळा होतो. ओल्या मातीवर मखमली तांबडे मृगाचे किडे चालतात, सरड्यांच्या नरांच्या मानेवर लाली चढलेली असते, आणि डोंगरपायथ्याच्या झाडीत काजवे लुकलुकतात.

पावसाळ्यात बाजारसुद्धा निरीक्षणाची जागा होते. कातकरी आणि ठाकूर बायका पनवेलच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसतात : शेवळे, कुलू, टाकळा, भारंगी, कंटोळी. शेवळ ही सुरणाच्या कुळातली वनस्पती. तिला पान फुटण्याआधी जमिनीतून थेट फुलोरा उगवतो आणि तोच भाजीला येतो. तिच्यात घसा खाजवणारे स्फटिक असतात, म्हणून भाजीत आंबट काकडे घालण्याची रीत आहे. टोपलीत दिसलेले शेवळ आठवडाभरात डोंगराच्या वाटेवर उभे असलेले सापडले, की रानाची आणि बाजाराची दिनदर्शिका एकच आहे हे पटते.

आता मोकळा भूखंड. सुशोभित बागेपेक्षा तो जास्त लक्ष देऊन पाहावा, कारण बागेत माळी जे उपटून टाकतो तेच इथे वाढते. जुलैत टाकळ्याचे रान माजते. त्याची पाने संध्याकाळी मिटतात. एमिग्रंट आणि लहान पिवळी ‘ग्रास यलो’ फुलपाखरे त्यावर वाढतात. केन्याचे निळे फूल सकाळी उघडते आणि दुपारपर्यंत विरघळून जाते. या वनस्पतीला जमिनीखालीही फुले येतात. ती कधीच उघडत नाहीत, आतल्या आत फळतात. वरचे सारे कापून नेले तरी केना हटत नाही, त्याचे हे एक कारण. एकदांडी वर्षभर फुललेली असते. ही मूळची मध्य अमेरिकेची. पिवळ्या बटणाएवढ्या फुलावर निळसर, नखाएवढी फुलपाखरे बसतात, आणि पिकलेले बी छत्री घेऊन वाऱ्यावर जाते. कुंपणाची घाणेरीही तिकडचीच. तिच्या एकाच गुच्छात ताजी फुले पिवळी आणि जुनी गुलाबी-लाल असतात. फुलपाखरे पिवळ्या फुलांकडेच जास्त वळतात, कारण मकरंद तिथे असतो.

भूखंडाच्या कडेला रुई असतेच. शनिवारी मारुतीला वाहण्यापुरती तिची आठवण होते, पण एका रुईच्या झुडपापाशी एक संपूर्ण प्रकरण वाचायला मिळते. तिची फुले मोठ्या काळ्या भुंग्यांसाठी बनलेली. परागांची जोडपिशवी भुंग्याच्या पायाला अडकते आणि पुढच्या फुलात पोचते. पानाच्या पाठीवर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी असते. ही ‘प्लेन टायगर’ या नारिंगी फुलपाखराची. रुईच्या चिकातले विष ती अंगात साठवते आणि फुलपाखरू झाल्यावरही ते टिकते, त्यामुळे एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. म्हणून हे फुलपाखरू बिनघोर, संथ उडते. त्याच रंगाचे आणखी एक फुलपाखरू त्याच भूखंडात फिरताना दिसेल : ‘डॅनेड एगफ्लाय’ची मादी. तिच्यात विष नाही, फक्त वेष आहे. तिचा नर मात्र काळा, पंखांवर पांढरे मोठे ठिपके असलेला, आणि दोघे एकाच जातीचे आहेत यावर प्रथम विश्वास बसत नाही.

गॅलरीतल्या कुंडीतही असेच काही चाललेले असते. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा काळा-पांढरा डाग दिसला तर तो काडीने हलवून पाहावा. डागाने डोके वर काढून नारिंगी, दुभंगलेले शिंग बाहेर काढले आणि उग्र वास सोडला, तर ती ‘कॉमन मॉर्मन’ किंवा ‘लाइम’ फुलपाखराची अळी. त्यांचा मोठा नातेवाईक नीलवंत, काळ्या पंखांवर निळी झळाळी असलेला, २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरला. त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळावर वाढतात. पनवेलमध्ये तो पावसाळ्यात आणि नंतर काही आठवडे दिसतो. औषध मारलेल्या झाडावर अर्थातच यांतले काहीही दिसत नाही.

भाद्रपदात गौरींसाठी तेरडा घरी येतो. त्याचे पिकलेले फळ बोटाच्या स्पर्शाने फुटते आणि बिया वीतभर लांब उडवते; मुलांना हा खेळ माहीत असतो, मोठे विसरलेले असतात. डोंगरउतारावर सोनकी आणि कवला पिवळे होतात. झुडपांवर चढलेली कळलावी पानाच्या टोकाने आधार धरते. तिचे फूल हिरवट पिवळे उघडून लाल होत जाते. ती पाहावी, खुडू नये, कारण कंदापासून बियांपर्यंत ती सगळीच विषारी आहे.

भातशेतीच्या कडेला, विहिरीवर किंवा ओढ्यावर झुकलेल्या फांद्यांना याच काळात सुगरणीची घरटी लोंबतात. या पक्ष्याचे संसारशास्त्र उलगडले ते याच जिल्ह्यात. अलिबागजवळच्या किहीम गावी १९३० मध्ये सालिम अलींनी सुगरणीच्या वसाहतीवर पाळत ठेवली आणि दाखवून दिले की घरटे विणतो तो नर. अर्धवट विणलेल्या घरट्याची मादी पाहणी करते, पसंत पडले तर राहते, आणि ती अंड्यांवर बसली की नर दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. अर्धीच सोडलेली, शिरस्त्राणासारखी दिसणारी घरटी झाडावर दिसतात ती बहुतेक नापसंत ठरलेली.

तळ्याकाठच्या फेरीचा मोसम पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत चालतो. वडाळे तळ्याला आता फिरायला वाट केलेली आहे. सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते आणि पक्षी माणसांना सरावलेले असतात. म्हणून पाणपक्षी शिकायला अशी जागा सोयीची. काठावर निश्चल बसलेला मातकट वंचक उडाला की एकदम पांढरा होतो. लाल चोचीची जांभळी पाणकोंबडी वेलींतून शेपूट उडवत चालते, अडई बदके शीळ घालत उडतात, खंड्या तारेवरून पाण्यात झेप टाकतो. तरंगत्या पानांवर लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी दिसला तर ध्यानात ठेवावे, की त्याच्याकडे अंडी उबवण्याचे आणि पिल्ले सांभाळण्याचे काम नराचे असते. मादी दुसरीकडे संसार मांडते. काठ दगड-सिमेंटने बांधून काढला की वंचकाला आणि पाणकोंबडीला लागणारी चिखल-गवताची किनार जाते. तळे देखणे करताना काठाचा थोडा भाग जंगली सोडावा, असे निरीक्षक सुचवतात ते एवढ्यासाठी.

सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात करडा धोबी येतो. हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून आलेला हा सडपातळ, शेपूट सतत खालीवर करणारा पक्षी नाल्याच्या काठी, पार्किंगमध्ये, कधी गच्चीवरच्या टाकीपाशी दिसतो. विजेच्या तारांवर माळभिंगऱ्यांची रांग लागते. रात्री फिरताना उग्र गोडसर वास आला तर जवळपास सातवीण आहे. वर्तुळात सात पाने, तुटल्यावर पांढरा चीक आणि हिरवट पांढऱ्या फुलांचे गुच्छ ही तिची ओळख. हा वास कुणाला मोहवतो, कुणाचे डोके धरतो. त्याच अंधारात बदामाच्या झाडावर वटवाघळे फडफडतात आणि सकाळी खाली चघळलेली फळे पडलेली असतात.

वड, पिंपळ आणि उंबर यांना ऋतूचे फारसे बंधन नाही. एकाच जातीची झाडे वेगवेगळ्या वेळी पिकतात, म्हणून पाखरांना वर्षभर कुठे ना कुठे अन्न मिळते. त्यांची फुले फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत असतात आणि तिथवर पोचते ती सुईच्या टोकाएवढी गांधीलमाशी. साधारणपणे प्रत्येक जातीची माशी निराळी. पिकलेल्या वडावर सकाळी सातच्या सुमारास हरियाल सापडण्याची सर्वाधिक शक्यता असते. महाराष्ट्राचा हा राज्यपक्षी हिरवट-पिवळा, पिवळ्या पायांचा. पानांत तो इतका मिसळतो की आधी पडणारी फळे ऐकू येतात. नशीब असेल तर धनेशही येतो. शहरातली जुनी वडाची झाडे यासाठी मोजून ठेवण्यासारखी आहेत. राज्याच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून वेगळे स्थान मिळाले आहे, तेव्हा अशा नोंदी कधी ना कधी उपयोगी पडतात.

खाडीकाठी जाताना घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे. ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यावर निवट्या सरपटतात, आणि एकच नांगी प्रचंड असलेले छोटे खेकडे ती हलवून एकमेकांना इशारे करतात. ही मोठी नांगी फक्त नरांना असते. बगळे, टिटव्या, लांब लाल पायांचे शेकाटे याच वेळी येतात. तिवराचे पान जिभेला लावले तर खारट लागते, कारण शोषलेले मीठ ते पानावाटे बाहेर टाकते. मुळांना हवा मिळावी म्हणून त्याच्या भोवती चिखलातून पेन्सिलीसारखी श्वसनमुळे उभी असतात. कडेला मारांडीची काटेरी पाने आणि निळी-जांभळी फुले. खारफुटीच्या आडोशाने कोल्हेही राहतात; पहाटे त्यांची कोल्हेकुई ऐकू येते ती कुत्र्यांची समजून सोडून दिली जाते. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे परिसरातली टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्‌घाटन झाले. खाडीच्या या भागात पुढील काही वर्षांत कोणते पक्षी टिकतात आणि कोणते सरकतात, हे तिथे नियमित फिरणाऱ्यांच्या वह्यांतूनच कळणार आहे.

वहीत काय लिहावे याचा नियम साधा आहे : तारीख, वेळ, जागा, काय दिसले, किती आणि काय करत होते. शेवटची बाब बहुतेकजण गाळतात आणि तीच सर्वांत मोलाची असते. ‘बुलबुल, दोन’ यापेक्षा ‘बुलबुल, दोन, घाणेरीची काळी फळे खाताना’ ही नोंद दहापट बोलकी. नाव न कळल्यास वर्णन आणि फोटो ठेवावा. ‘ई-बर्ड’वर पक्ष्यांच्या आणि ‘आयनॅचरलिस्ट’वर सर्व सजीवांच्या नोंदी टाकता येतात, ‘सीझनवॉच’ या भारतीय उपक्रमात एकच झाड निवडून त्याची पालवी, फुले, फळे आठवड्याला नोंदवायची असतात, आणि शाळांना ते विशेष सोयीचे आहे. घरट्याच्या फार जवळ जाऊ नये, पक्ष्याला बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नये, पावसाळी गवतात पाय टाकण्याआधी साप नाही ना हे पाहावे.

सुरुवात कोणत्याही महिन्यात करता येते, पण नव्या माणसाला नोव्हेंबर सोपा जातो. पाऊस गेलेला असतो, गवत पिवळे पडू लागलेले असते आणि हिवाळी पाहुणे पोचलेले असतात. ५ नोव्हेंबर हा ‘पक्षिकोश’कार मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस, या दोन तारखांमधला आठवडा राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. फेब्रुवारीत जगभर एकाच वेळी चालणारी चार दिवसांची परसातली पक्षीगणना असते, आणि तिच्यासाठी पंधरा मिनिटांची एक नोंदही चालते. तोवर सावरीच्या कळ्या फुगलेल्या असतात.